लहान हाताला सोयीचा माउस घ्यावा की कंट्रोलर? मनगटाच्या दुखण्यासह सल्ला हवा

अंत्रुजवासी (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी फोंड्याजवळ राहते आणि एका खासगी आस्थापनात हिशेबाचे काम करते, त्यामुळे दिवसभर उजवा हात माउसवरच असतो. रात्री जेवणे आटोपली की पुण्यातल्या धाकट्या भावाबरोबर ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा संगणकावरचा स्ट्रॅटेजीचा, म्हणजे डावपेचांचा खेळ खेळणे हा माझा अनेक वर्षांचा विरंगुळा आहे, आणि सुटीच्या दिवशी मुलाबरोबर मोटारशर्यतीचा खेळही होतो. गेल्या पावसाळ्यापासून मात्र उजव्या मनगटाची करंगळीकडची बाजू दुखू लागली आहे. खेळ संपवून उठताना मनगट आखडलेले असते आणि सकाळी कणीक मळताना तीच कळ पुन्हा येते. बोटांना मुंग्या येत नाहीत आणि हाताची पकडही कमी झालेली नाही.

घरातला माउस यजमानांनी स्वतःच्या हाताला बघून घेतलेला आहे. तो तेरा सेंटिमीटर लांब, चांगलाच रुंद आणि वजनदार आहे. माझा हात मनगटाच्या वळीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसोळा सेंटिमीटर भरतो, आणि त्या माउसची अंगठ्याजवळची पुढची बटणे दाबायची तर मला सगळी पकड सोडून हात पुढे सरकवावा लागतो. टेबल जेवणाच्या टेबलाएवढे उंच आहे आणि कीबोर्ड उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग असलेला, पूर्ण रुंदीचा आहे.

पणजीत एका दुकानात चौकशी केली तेव्हा काचेच्या कपाटातले रंगीत दिव्यांचे माउस दाखवले गेले, पण खोके उघडून हातात घेऊन पाहू दिले नाही. खर्चाची मर्यादा चार हजार रुपये आहे. एवढ्यात माउस बदलावा की दोन्ही हातांत धरायचा खेळाचा कंट्रोलर घेऊन माउसपासून हाताला सुटका द्यावी, आणि माउसच घ्यायचा तर नेमके काय पाहून घ्यावा, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे ही विनंती.

साखळीकर

ताई, आपण हाताचे माप दिलेत हे फार बरे झाले. अशा प्रश्नांत किंमत बहुधा लिहिलेली असते, माप नसते, आणि मग सल्ला देणारा आपल्या स्वतःच्या हाताला जे आवडले तेच सुचवतो. लांबीबरोबर रुंदीही मोजून ठेवा. अंगठा वगळून, चार बोटांच्या मुळाशी जेथे हाडे वर आलेली दिसतात, तेथे पट्टी आडवी धरावी.

खेळणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब रूढ आहे की माउसची लांबी हाताच्या लांबीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असावी. आपल्या हाताला तो आकडा सुमारे दहा सेंटिमीटर येतो, तर सध्याचा माउस हाताच्या जवळजवळ ऐंशी टक्के लांब आहे. हा काही काटेकोर नियम नव्हे, कारण माउस धरण्याची पद्धत बदलली की माप बदलते. ज्यांचा तळहात माउसच्या पाठीवर पूर्ण टेकलेला असतो त्यांच्या पद्धतीला पाम म्हणतात, आणि त्यांना थोडा लांब, मागून उंच माउस आवडतो. तळहाताचा मागचा भाग टेकलेला आणि बोटे कमानीसारखी वाकलेली असतील तर ती क्लॉ पद्धत. तळहात मुळीच न टेकता माउस केवळ बोटांच्या टोकांनी फिरवला जात असेल तर ती फिंगरटिप, आणि तिला आखूड, हलका माउस लागतो. आपली पद्धत कोणती हे स्वतःच्या हाताकडे बघून कळत नाही, कारण लक्ष गेले की हात सावरून बसतो. भावाबरोबर खेळ ऐन रंगात आलेला असताना मुलाला वरून आणि बाजूने फोटो काढायला सांगा.

आता वजन. स्ट्रॅटेजीच्या खेळात नकाशाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सतत जावे लागते आणि माउस उचलून पुन्हा मागे ठेवण्याची क्रिया एका डावात असंख्य वेळा होते. लॉजिटेकचा जी ५०२ हीरो १२१ ग्रॅमचा आणि १३२ मिलिमीटर लांब आहे. रेझरचा डेथॲडर इसेन्शियल ९६ ग्रॅमचा आणि १२७ मिलिमीटर लांब आहे. त्याच लॉजिटेकचा जी १०२ मात्र ८५ ग्रॅमचा आणि ११७ मिलिमीटरच्या आत आहे, आणि रेझरचा व्हायपर मिनी तर ६१ ग्रॅमचा असून त्याची रुंदी जेमतेम साडेपाच सेंटिमीटर भरते. आपल्या हातासाठी मी शेवटच्या दोहोंपैकीच निवडीन. दोघांचा आकार डावीकडे-उजवीकडे सारखा आहे, दोघांनाही अंगठ्याजवळ दोन बटणे आहेत, आणि चार हजारांत त्यांपैकी कोणताही घेतला तरी पैसे उरावेत. तळहात पूर्ण टेकवण्याची सवय असेल तर जी १०२, बोटांनी धरत असाल तर व्हायपर मिनी, अर्थात तो दुकानात मिळाला तर.

जी १०२ चा बिनतारी भाऊ म्हणजे जी ३०४. बाहेरचा आकार तोच, पण आत एक एए सेल असल्यामुळे वजन ९९ ग्रॅम होते आणि ते मागच्या बाजूला जाणवते. तार नसण्याचा फायदा खरा आहे, कारण कडक तार टेबलाच्या कडेला अडकली की मनगटच तिला ओढत बसते. तथापि तारेला वर एक सैल वळसा देऊन ती मॉनिटरच्या पायाला बांधली तर हा त्रास बहुतांशी जातो, म्हणून तेवढ्यासाठी वजन वाढवून घेऊ नये असे मला वाटते.

खोक्यावर पंचवीस हजार डीपीआय लिहिलेले पाहून भुलू नका. डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला की संगणकाला किती पावले कळवली जातात तो आकडा. १९२० ठिपक्यांच्या रुंदीच्या पडद्यावर, विंडोजमधला वेग मधोमध ठेवून आणि ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करून, ८०० डीपीआयला या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला सुमारे सहा सेंटिमीटर हात सरकवावा लागतो, आणि १६०० डीपीआयला तीन. नेमबाजीच्या खेळात कमी वेग ठेवून सगळा हात कोपरातून फिरवणारे पुष्कळ आहेत, पण आपल्या खेळाला १२०० ते १६०० च्या दरम्यानचा आकडा सोसेल असे वाटते. एकदम दुप्पट न करता थोडे थोडे वाढवा. वेग फार झाला तर नेम साधण्यासाठी बोटे आवळली जातात आणि तो ताण पुन्हा मनगटावरच येतो.

डिचोली_फिजिओ

नमस्कार ताई. मी भौतिकोपचाराचे काम करते. हात तपासल्याशिवाय दुखण्याला नाव देणे योग्य नव्हे, म्हणून ते मी करणार नाही. परंतु आपण वर्णन इतके नेमके केले आहे की बसण्याच्या पद्धतीबद्दल काही निश्चित सांगता येईल.

मनगट टेबलावर रोवून, तेवढाच सांधा खुंटीसारखा धरून माउस डावी-उजवीकडे झाडण्याची सवय असेल, तर मनगट दर वेळी करंगळीकडे वाकते आणि त्या बाजूच्या स्नायुबंधांवर व मऊ ऊतींवर वारंवार ताण येतो. माउस जड असेल तर हा ताण वाढतो, आणि रुंद असेल तर करंगळी आधीच बाहेर फाकलेली असते. तेव्हा श्री. साखळीकर यांनी सुचवलेला लहान, हलका माउस योग्यच आहे, मात्र तो आणल्यावरही हात कोपरातून हलवण्याची सवय लावून घ्यावी लागेल. त्यासाठी पॅड मोठा घ्या, निदान बाहूची अर्धी लांबी त्यावर मावेल एवढा.

दुसरी गोष्ट टेबलाची. जेवणाच्या टेबलाची उंची साधारण ७५ सेंटिमीटर असते, आणि मध्यम किंवा कमी उंचीच्या व्यक्तीच्या कोपराच्या मानाने ती जास्त ठरते. मग एक तर खांदे वर उचलले जातात किंवा मनगट मागे वाकते. मनगट मागे वाकलेले राहिले की तळहाताच्या मुळाशी असलेल्या अरुंद बोगद्यातला दाब वाढतो, आणि त्याच बोगद्यातून मीडियन नर्व्ह ही बोटांकडे जाणारी नस जाते. टेबल कापता येत नसेल तर खुर्ची वर घ्या, कोपर टेबलाच्या पातळीला येऊ द्या, आणि पाय अधांतरी लोंबकळू लागले तर पायांखाली स्वयंपाकघरातला लाकडी पाट ठेवा. एवढ्या बदलाने आराम पडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

कीबोर्डच्या आकड्यांच्या भागामुळे माउस दूर उजवीकडे जातो आणि खांदा दिवसभर बाहेर ताणलेला राहतो. कार्यालयात आकड्यांशिवाय आपले चालणार नाही हे समजते. घरी खेळताना मात्र सगळा कीबोर्ड डावीकडे सरकवा. आपल्या खेळात डाव्या हाताची बोटे डावीकडच्याच अक्षरांवर असतात, तेव्हा कीबोर्डचा मध्य पडद्याच्या मध्याशी जुळवण्याचे काही कारण नाही. मनगटाखाली जेलची उशी वापरत असाल तर ती फक्त हात थांबलेला असताना वापरावी. तिच्यावर मनगट दाबून माउस फिरवला तर दाब नेमका नको तेथेच पडतो.

आता सावधगिरीचे. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू येथे मुंग्या येऊ लागल्या, रात्री त्या मुंग्यांनी जाग येऊ लागली, करंगळी बधिर वाटू लागली किंवा हातातून भांडे निसटू लागले, तर माउस बदलून पाहण्यात वेळ न घालवता बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) अस्थिरोग विभागात किंवा जवळच्या इस्पितळात दाखवावे. आपल्याला यांपैकी काहीही नाही ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु खेळ बंद असतानाही कणीक मळताना कळ येते, याचा अर्थ हाताला पुरेशी विश्रांती मिळत नाही, आणि पावसाळ्यापासून दुखणे चालू असेल तर एकदा तपासून घेणेच शहाणपणाचे. दिवसाचे आठ तास आणि रात्रीचा खेळ हे सगळे एकाच सांध्याच्या खात्यावर जमा होते. म्हणून माझ्या मते दोन वेगळ्या प्रकारची साधने आलटून पालटून वापरणे हे एकच उत्तम साधन घेण्यापेक्षा अधिक हिताचे आहे.

मडगावचा_खेळाडू

कंट्रोलरविषयी मी लिहितो, कारण दोन साधनांचा मुद्दा मला पूर्ण पटतो.

मोटारशर्यतीसाठी कंट्रोलर निःसंशय चांगला. त्याचे मागचे ट्रिगर किती दाबले त्या प्रमाणात गाडीचा वेग वाढतो आणि काडी, म्हणजे अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी, किती कलली त्या प्रमाणात चाक वळते. कीबोर्डवर हे शक्यच नसते, तेथे बटण एक तर पूर्ण दाबलेले असते किंवा सुटलेले. शिवाय कंट्रोलर मांडीवर ठेवून, कोपरे अंगाशी सैल सोडून बसता येते, आणि तळहात एकमेकांसमोर राहत असल्यामुळे बाहूला माउसवर येतो तसा पीळ पडत नाही.

‘एज ऑफ एम्पायर्स २’ कंट्रोलरवर खेळता येतो. त्याची डेफिनिटिव्ह आवृत्ती ३१ जानेवारी २०२३ रोजी एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या खेळयंत्रावर आली तेव्हा गावकऱ्यांना कामे आपोआप वाटून देण्याची सोय त्यात मुद्दाम केली गेली. एकट्याने संगणकाविरुद्ध खेळायला ती पुरेशी आहे. समोर भाऊ माउस घेऊन बसलेला असेल तर मात्र सैन्याच्या तुकड्या निवडताना आपण मागे पडाल आणि खेळातली मजा जाईल. त्यामुळे कंट्रोलर घ्यायचा तो शर्यतीसाठी आणि हाताला आलटापालट मिळावी म्हणून. माउसला पर्याय म्हणून तो घेऊ नये.

हाताच्या मापाचा प्रश्न येथेही तेवढाच महत्त्वाचा आहे. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये पहिल्या एक्सबॉक्सबरोबर दिलेला कंट्रोलर इतका मोठा होता की जपानसाठी लहान आकाराचा वेगळा काढावा लागला, आणि पुढे तोच लहान आकार सगळीकडे दिला जाऊ लागला. सोनीचा प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर सुमारे २१० ग्रॅमचा होता, प्लेस्टेशन ५ चा सुमारे २८० ग्रॅमचा आहे. सध्याचा एक्सबॉक्स कंट्रोलर दोन एए सेल धरून २८७ ग्रॅम भरतो. हे वजन दोन्ही हातांवर वाटले जाते हे खरे, पण हात हवेत धरून बसण्याची सवय असेल तर अर्ध्या तासात जाणवते.

काड्यांची जागा पाहावी. एक्सबॉक्सच्या पद्धतीत डावी काडी वर आणि उजवी खाली असते, म्हणून डावा अंगठा सरळ, नैसर्गिक स्थितीत राहतो. सोनीच्या पद्धतीत दोन्ही काड्या खाली, मध्याजवळ असतात आणि लहान हाताचा अंगठा आत वळवून तेथपर्यंत न्यावा लागतो. शर्यतीत डावी काडी अखंड हातात असते, तेव्हा आपल्याला पहिली रचना सोयीची होईल असे मला वाटते.

टिकाऊपणाबद्दल एक सांगतो. नेहमीच्या काड्यांत पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे धातूची पातळ पट्टी एका लेपावर घासत फिरते. लेप झिजला की काडीला हात न लावताही गाडी एका बाजूला ओढली जाते, यालाच ड्रिफ्ट म्हणतात. हॉल इफेक्टच्या काड्यांत चुंबकाची हालचाल संवेदक दुरून मोजतो, घासणारे काहीच नसते. हे तंत्र नवे नाही, सेगाच्या १९९८ च्या ड्रीमकास्टमध्येही ते होते. आज गेमसरचा जी ७ एसई आणि एटबिटडोचा अल्टिमेट २सी यांत अशा काड्या मिळतात. पहिला तारेचा आहे, त्यामुळे त्यात सेलचे वजनही नाही. किमती बदलत्या असतात, पण साधा माउस घेतला तर हप्त्याहप्त्याने दोन्ही खरेदी आपल्या आवाक्यात बसावी.

अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले तर मात्र कंट्रोलर ताबडतोब बाजूला ठेवा. माउसने मनगट दमते, कंट्रोलरने अंगठा दमतो. कंपन बंद करून ठेवलेत तर आणखी चांगले.

अंत्रुजवासी

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. पाट पायांखाली ठेवून पाहिला आणि खुर्ची वर घेतली, खांद्यांना फरक लगेच जाणवला. मुलाने काढलेल्या फोटोंत माझा तळहात माउसला मुळीच टेकलेला दिसत नाही, बोटे पूर्ण ताणून मी तो ढकलते आहे.

आणखी दोन शंका आहेत. भाऊ म्हणतो की उभा माउस, म्हणजे हस्तांदोलन करताना हात असतो तसा धरायचा, तो घ्यावा. कार्यालयातील एका सहकारी ताईंनी ट्रॅकबॉल सुचवला आहे. दुसरी शंका अशी की सध्याच्या माउसच्या बाजूंचे रबर चिकट झाले आहे आणि एकदा दाबले तर कधी कधी दोनदा दाबल्यासारखे होते. नव्या माउसचेही आमच्या हवेत असेच होणार का?

पेडण्याहून

उभा माउस मी कार्यालयीन कामासाठी वापरतो आणि त्या कामासाठी त्याची शिफारस मोकळ्या मनाने करतो. लॉजिटेकचा एमएक्स व्हर्टिकल आणि त्यापेक्षा लहान असलेला लिफ्ट या दोघांतही पकड ५७ अंशांत कललेली असते, त्यामुळे बाहूची दोन हाडे एकमेकांवर पीळ देऊन पडत नाहीत. लिफ्ट लहान आणि मध्यम हातांसाठीच बनवला आहे आणि त्याची डावखुऱ्यांसाठीही आवृत्ती आहे. पण वजन १२५ ग्रॅम आहे, आणि खेळात त्याची खरी अडचण वेगळीच आहे. साध्या माउसचे बटण आपण खाली दाबतो, तो दाब टेबल सोसते. उभ्या माउसचे बटण आडवे दाबले जाते, म्हणून प्रत्येक क्लिकबरोबर माउस किंचित डावीकडे ढकलला जातो आणि अंगठ्याला पलीकडून त्याला अडवून धरावे लागते. पत्रकात आकडे भरताना हे कळतही नाही. घोडेस्वारांच्या गर्दीतून एकच जखमी स्वार निवडायचा असेल तेव्हा फार कळते.

ट्रॅकबॉलमध्ये अंगठ्याने फिरवायचा गोळा असलेले आणि बोटांनी फिरवायचा गोळा असलेले असे दोन प्रकार आहेत. लॉजिटेकचा एर्गो एम ५७५ पहिल्या प्रकारचा, केन्सिंग्टनचा एक्स्पर्ट माउस दुसऱ्या प्रकारचा. हात जागेवरून हलत नाही हा दोन्हींचा मोठा गुण. आपण कंट्रोलरही घेणार असाल तर अंगठ्याचा ट्रॅकबॉल नको, दोन्हींचा भार एकाच अंगठ्यावर जाईल. गोळा ज्या तीन बारीक मण्यांवर टेकलेला असतो त्यांच्यावर घामाचा आणि धुळीचा थर बसतो, तो दर आठवड्याला कापसाने पुसावा लागतो, हेही लक्षात ठेवा.

म्हापसा_दुरुस्ती

चिकट रबराचा प्रश्न माझ्याकडे दर पावसाळ्यानंतर येतो, म्हणून उत्तर देतो. पुष्कळ माउसवर हाताला मऊ लागावा म्हणून पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेला असतो. हवेतला ओलावा आणि हाताचा घाम यांनी त्या लेपाची रासायनिक बांधणी हळूहळू सुटते आणि तो गुळासारखा चिकट होतो. जेथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि समुद्राची खारट हवा बारमाही असते, तेथे हे लवकर होते यात नवल नाही. यावर उपाय म्हणजे रबर किंवा मऊ लेप नसलेला, साध्या खरखरीत प्लॅस्टिकचा माउस घेणे. पकड घट्ट हवी असेल तर वरून लावायच्या चिकटपट्ट्या मिळतात, त्या खराब झाल्या की काढून नव्या लावता येतात.

एकदा दाबल्यावर दोनदा लागते ते बटणाखालच्या स्विचमुळे. साध्या स्विचमध्ये धातूची बारीक जीभ दुसऱ्या धातूला टेकते. ते टोक झिजले किंवा त्यावर गंजाची पुटे चढली की स्पर्श तुटक होतो. ऑप्टिकल स्विचमध्ये प्रकाशाचा किरण अडवला किंवा सोडला जातो, तेथे टेकणारा धातू नसल्यामुळे हा दोष उद्भवत नाही. रेझरच्या व्हायपर मिनीत तसे स्विच आहेत. जी १०२ मध्ये साधे आहेत, पण ते बदलता येतात आणि त्याला फार खर्च येत नाही.

पॅड कापडी घेतलात तर पावसाळ्यात तो ओलावा धरतो आणि माउस जड सरकू लागतो. कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवावा आणि उन्हात न टाकता पंख्याखाली सुकवावा, अन्यथा कडा वळतात. बिनतारी काही घेतलेत तर त्याचा रिसीव्हर, म्हणजे संगणकात लावायचा छोटा तुकडा, यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टजवळ ठेवू नका. त्या पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निघतो आणि कर्सर अडखळतो. एक छोटी जोडतार लावून रिसीव्हर पॅडच्या शेजारी आणून ठेवला की काम भागते.

दुकानात जाताना आपला जुना माउस बरोबर न्या आणि शुक्रवार टाळा, म्हापशाच्या बाजारादिवशी दुकानदाराला खोके उघडून दाखवण्याची सवड नसते. नमुन्याचा तुकडा मागा. तो हातात धरून आधी नेहमीसारखी बोटे ठेवा, मग अंगठा न ताणता पुढचे बाजूचे बटण दाबले जाते का ते पाहा. मुख्य बटण टोकाशी आणि मागे, दोन्ही ठिकाणी दाबून पाहा. मागे दाबताना जास्त जोर लागत असेल तर लहान हाताने ते दिवसभर सोसवत नाही, कारण लहान हाताचे बोट नेहमी मागेच पडते.

अंत्रुजवासी

ठरले. येत्या आठवड्यात दोन्ही लहान माउस हातात धरून पाहते आणि एक घेते, कंट्रोलर चवथीनंतर. डिचोलीच्या ताईंना एकच विचारायचे आहे. कार्यालयात माउस डाव्या हाताने वापरायला शिकले तर चालेल का, की डाव्या हातालाही तेच दुखणे लागेल?

डिचोली_फिजिओ

चालेल, आणि हिशेबाच्या कामात तर त्याचा विशेष फायदा आहे. माउस डावीकडे गेला की उजवा हात आकड्यांच्या बटणांवर मोकळा राहतो आणि माउस व आकडे यांच्यात होणारी सततची ये-जा थांबते. सुरुवातीला केवळ वाचनाच्या, पत्रके वर-खाली सरकवण्याच्या कामापुरताच डावा हात वापरा. नेमके टिपायचे काम उजव्याकडेच राहू द्या. सवय होईपर्यंत डाव्या हाताने माउस आवळून धरला जातो, आणि आवळल्याची जाणीव होताच बोटे सोडून हात मांडीवर ठेवायचा. बसल्या जागी तळहात वर करून बाहू सैल सोडणे, मनगट हळूच मागे-पुढे करणे एवढा व्यायाम दर अर्ध्या तासाने दोन्ही हातांना द्या, कळ येईल इतके ताणू मात्र नका. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये माउसच्या पानावर मुख्य बटण डावे की उजवे हे बदलता येते, मात्र एकाच संगणकावर दोन्ही हात वापरणार असाल तर ते बदलू नये असे मी सुचवीन, कारण हात बदलला की बटणांचा गोंधळ होतो. कार्यालयाचा माउस दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा आहे ना, एवढे मात्र आधी पाहून घ्या.